पिवळा मोर

मास्तरकी करणाऱ्या माणसानं हैदराबाद शहरात जाऊ नये. गेलाच तर खाली मान घालून चालावं. पिंपळटाकळीच्या शाळेचे आप्पाराव मास्तर निजाम सरकारच्या तालीम खात्याची, म्हणजे शिक्षण खात्याची, परीक्षा द्यायला म्हणून गेले आणि वर मान करून चालले. तिथंच सगळं बिघडलं.

झालं असं, की संध्याकाळच्या वेळी एका नवाबाच्या देवडीसमोरनं जाताना त्यांना एक खिडकी दिसली. आत दिवे लागलेले आणि खिडकीला रंगीबेरंगी काचांची तावदानं. लाल, हिरवी, निळी. काचांच्या तुकड्यांमध्ये काळ्या शिशाच्या रेघा आणि त्या सगळ्यातनं उभा राहिलेला एक मोर. मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले ते राहिलेच. शेवटी देवडीवरचा दरवान काठी आपटत आला आणि म्हणाला, "क्या देखता बे? मोर कभी देखा नहीं?"

आता बघा, मास्तर गावात ज्या वाटेनं जात त्या वाटेवरची माणसं उठून उभी राहत. अशा माणसाला भर रस्त्यात 'बे'! दुसरा असता तर रडला असता. मास्तरांनी पागोटं सावरलं आणि मनाशी ठरवलं, की हाच मोर मी माझ्या शाळेच्या खिडकीत बसवीन. दरवानाला ते कळण्याचा काही संभव नव्हता, पण मास्तरांचा राग तेवढ्यानं शांत झाला.

शाळा म्हणजे मोहनराव देशमुखांची एक खोली. देशमुखांच्या वडिलांनी कधीतरी खुशीत येऊन ती शाळेला वापरायला दिली होती. त्याआधी तिच्यात सरकी असायची आणि उन्हाळ्यात अजूनही जमिनीच्या भेगांतनं सरकी निघायची. दार पूर्वेच्या भिंतीच्या कोपऱ्यात. पश्चिमेच्या भिंतीला एकच खिडकी, तिला तावदान नाही, दार नाही, नुसतं एक गोणपाट लटकवलेलं. वर्गात कुणब्यांची पोरं आणि शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांची पोरं. या राखणाऱ्या पोरांबरोबर त्यांच्या शेळ्याही यायच्या आणि बाहेर लिंबाखाली बसून पाढे ऐकायच्या.

"पोरांनो," मास्तरांनी हैदराबादहून आल्या आल्या सांगितलं, "आपण काचेचा मोर करणार आहोत."

"काच कुठाय, गुर्जी?" गहिनीनाथनं विचारलं. गहिनीनाथ केशरबाईंचा मुलगा. त्याला प्रश्न फार पडायचे.

"काच नाही. काचेसारखं."

यात मास्तरांची अक्कल खरोखर दिसली, हे मान्य केलं पाहिजे. पतंगाचा पातळ रंगीत कागद घ्यायचा, तो करडीच्या तेलात बुडवायचा, म्हणजे त्याच्यातनं उजेड आरपार जातो. शिशाच्या जागी तुरीच्या तुराट्या चिरून त्यांची चौकट करायची. काळ्या रेघांसाठी दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. चिकटवायला ज्वारीच्या पिठाची खळ. नवाबाला जे खजिना ओतून करावं लागलं ते पिंपळटाकळीत तुराट्यांवर भागणार होतं.

कागद दिला इमामभाई पिंजाऱ्यानं. मोहरमचा ताबूत दर साली तोच बांधायचा, आणि सगळं गाव, कुणबी काय नि धनगर काय, त्याच्या अंगणात कागद कातरायला बसायचं. त्यानं उरलेला कागद मास्तरांपुढं ठेवला. निळा जेमतेम, हिरवा थोडा, लाल बरा आणि पिवळा ढीगभर. "पिवळा यंदा लई उरला, मास्तर," इमामभाई म्हणाला. "समदा न्या. घरात उंदरं खात्यात."

तेल मास्तरांनी घरातनं आणलं. घरातनं म्हणजे रतनबाईंच्या बरणीतनं आणि रतनबाईंना न सांगता.

"अहो, बरणीतलं तेल कुटं गेलं?" रतनबाईंनी विचारलं.

"विद्येच्या कामी लागलं," मास्तर म्हणाले.

"असं का? मग कालवण बी विद्येवरच शिजू द्या," असं म्हणून रतनबाईंनी त्या दिवशी बिनफोडणीचं वरण वाढलं आणि मास्तर जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

मग काम सुरू झालं आणि सल्ले पण सुरू झाले. पोरं घरी काजळीनं काळीठिक्कर होऊन जायला लागली तेव्हा केशरबाई शाळेत भांडायला म्हणून आल्या, आणि मोर बघून सल्ला द्यायला म्हणून थांबल्या. "मास्तर, ह्याचे पाय लई बारीक हायती. उभा कसा ऱ्हाईल त्यो?" शहादेवची आई साखराबाई म्हणाली, "एकटाच कावून? लांडोर न्हाई का त्येला?" आणि गावची वैदीण बायनाबाई काठी टेकत आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कोंबडा झ्याक हाय."

"मोर आहे तो, बायनाबाई."

"असंल. पर कोंबडा झ्याक हाय."

अडाणी माणसाशी कलेबद्दल वाद घालू नये एवढं त्यांना कळत होतं. फक्त त्या दिवशी त्यांनी पोरांना नेहमीपेक्षा जास्त पाढे म्हणायला लावले.

मोर तयार झाला. निळी मान, हिरवा पिसारा, लाल किनार, खाली पिवळी जमीन. ओल्या खळीचा तो मोर मास्तरांनी लिंबाखाली वाळत घातला आणि सगळ्यांना आत बसवून कविता घेतली. कविता पाठ होऊन बाहेर येतात तर शहादेवच्या शेळीनं मोर खाल्लेला. तेल लावलेला कागद, वर ज्वारीची खळ, वर बाभळीचा डिंक. शेळीच्या दृष्टीनं बघितलं तर पक्वान्नाचं ताटच होतं ते. निळं गेलं, हिरवं गेलं, डोळा गेला, चोच गेली. शेळी तोंडात एक तुराटी धरून मास्तरांकडं बघत होती.

शहादेव मोठ्यानं रडायला लागला. रडं मोराचं होतं की शेळीला मार बसेल ह्याचं, ते त्यालाच माहीत. पुढं शेळीनं निळ्या-हिरव्या लेंड्या टाकल्या तेव्हा सगळी शाळा ती बघायला गेली, आणि साखराबाई मास्तरांच्या दारात येऊन म्हणाली, "मास्तर, दूध निळं तर न्हाई ना यायचं? लेकराला पाजायचं का नगं?" मास्तर म्हणाले, "मी शाळामास्तर आहे, गुरांचा डाक्तर नाही." आवाज जरा चढलाच त्यांचा.

कागद उरला तो लाल आणि पिवळा. लाल वरच्या किनारीपुरताच होता. तेव्हा दुसरा मोर झाला तो मानेपासून शेपटापर्यंत पिवळा. पोरांना तो पहिल्यापेक्षा आवडला, कारण आता तो खरंच कोंबड्यासारखा दिसत होता.

बसवायच्या आधी मास्तरांच्या मनात एक शंका आली. शाळा सरकारी, तिच्या खिडकीला कागद लावायचा तर सरकारची परवानगी नको का? आता कुणी विचारलं होतं? कुणी नाही. गोणपाट लावताना परवानगी घेतली होती? नाही. पण मास्तर परीक्षा देऊन आलेले. त्यांनी कचेरीत अर्ज पाठवला. कचेरीतनं चपराशी निरोप घेऊन आला, की खिडकी सरकारची का देशमुखाची? खिडकी देशमुखाची असेल तर खोली कुणाची? आणि खोली देशमुखाची असेल तर सरकार त्यात काय करतंय? सबब, शाळा तपासणारे मोहतमीम साहेब स्वतः येऊन बघतील.

चपराशी हा निरोप घेऊन सरळ शाळेत आला असता तर बरं होतं. तो आधी देशमुखांच्या ओसरीवर चहाला बसला.

मोहनराव देशमुख हा मनुष्य वाईट नव्हता. त्यांना त्या खोलीचा विसर पडला होता एवढंच. आता आठवण झाली. त्या साली कापूस भरपूर झाला होता आणि सरकी ठेवायला जागा नव्हती. त्याच संध्याकाळी ते शाळेत आले आणि सरकी ओतल्यावर खोली कितपत भरेल ते डोळ्यांनी मापायला लागले.

"मास्तर, खोली आमची हाय. साहेब आले की मी सांगणार हाय, मोकळी करून द्या. पोरं बसू द्या की मारुतीच्या पारावर. वारं हाय, सावली हाय."

पारावरची शाळा काय असते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आधीचे मास्तर पारावरच शिकवायचे. वारा आला की पाट्यांवर धूळ, ऊन फिरलं की पोरं फिरली, पाऊस आला की शाळा सुटली. आणि एकदा सुटलेली पोरं परत आलीच नाहीत. गहिनीनाथ औतामागं गेला असता, शहादेव शेळ्यांमागं, आणि मास्तरांची बदली कुठल्या तरी जंगलात. ही पोरं आता कुठं जोडाक्षरं वाचायला लागली होती हो. शहादेव तर शेळीच्या पाठीवर बोटानं तिचं नाव लिहायचा. खोली गेली म्हणजे शाळा गेली, यात काही शंका नव्हती.

"साहेबांना मोर दाखवू," मास्तर रतनबाईंना म्हणाले. "हैदराबादचा माणूस आहे. असली खिडकी असलेली खोली तो सरकीला देईल का?"

"अन् न्हाई आवडला मोर म्हंजी?"

मास्तरांनी खळीचं भांडं उचललं आणि ते शाळेकडं निघाले.

मोर खिडकीत बसला. तिसऱ्या प्रहरी ऊन पश्चिमेला कललं आणि खिडकीतनं आत उतरलं, तशी सगळी खोली एकदम बदलून गेली. जमिनीवर पिवळा मोर पसरला, त्याच्या डोक्याशी लाल पट्टा. पोरं हाताच्या ओंजळीत रंग धरायला लागली, एकमेकांच्या तोंडावर बघून हसायला लागली. मास्तर एका कोपऱ्यात उभे होते. आपण आयुष्यात काहीतरी केलं असं त्यांना वाटलं.

नेमक्या त्याच वेळी केशरबाई गहिनीनाथची भाकरी घेऊन दारात आल्या. उन्हातनं अंधारात आलेल्या बाईला आधी रंग दिसला नाही, पोरगा दिसला. गहिनीनाथ मोराच्या पोटात बसला होता. तोंड पिवळं, डोळे पिवळे, नखं पिवळी.

"अगं आई गं!" केशरबाईंनी भाकरी टाकली. "माझ्या लेकराला कावीळ झाली!"

"कावीळ नाही, बाई! उजेड आहे तो!" मास्तर म्हणाले. "हा बघा, त्याचा सदराही पिवळा दिसतोय!"

इथं मास्तर चुकले. आमच्या गावात कुणालाही विचारा, कावीळ हा अंगातनं बाहेर उतरणारा रोग आहे. घामात उतरते, कपड्यात उतरते, चुन्याच्या पाण्यात उतरते.

"सदऱ्यात बी उतरली!" केशरबाईंनी हंबरडा फोडला. "हाडात गेली असंल आता! बायनाबाईला बलवा रं!"

बायनाबाई चुन्याचं पाणी कथलाच्या परातीत घेऊनच आली. पोराला जागेवरनं हलवायचं नाही, हा तिचा नियम. तिथंच, मोराच्या पोटात, तिनं गहिनीनाथचे हात परातीत धुतले. पाणी पिवळं दिसलं. बायनाबाईनं परात सगळ्यांना फिरवून दाखवली नाही, त्याची गरजच पडली नाही.

"बाळ, भिंत कसली दिसती?"

"पिवळी," गहिनीनाथ म्हणाला. खोटं बोलायचं वळण मास्तरांनी त्याला लावलं नव्हतं.

"झालं! लई जोराची हाय," बायनाबाई म्हणाली आणि घेटुळीच्या मुळ्यांची माळ त्याच्या गळ्यात घातली. पथ्य सांगितलं: तेल बंद, मिरची बंद, उसाचा रस, गोड ताक, काकवी, आणि कामाला हात लावायचा नाही.

हे पथ्य बाकीच्या पोरांनी ऐकलं मात्र! दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पिवळ्या जागेवर बसायला मारामारी. रामकिसननं शहादेवला ढकललं, शहादेवनं रामकिसनला चावलं. आजवर ज्या पोरांना हाक मारून शाळेत आणावं लागायचं ती दुपारची जेवणं टाकून मोराच्या पोटात जागा धरून बसायला लागली. प्रत्येकाची आई आली, प्रत्येकीनं दारातनं बघितलं, प्रत्येक पोराला माळ मिळाली. शेळ्या कोण राखणार असा प्रश्न आला तेव्हा शहादेव आईला म्हणाला, "मला कामाला हात लावायचा न्हाई," आणि दुसऱ्या हातानं रसाचा तांब्या तोंडाला लावला.

फक्त लाल पट्ट्यात बसणाऱ्या एका पोराची आई खूष होती. "आमचं लेकरू तुपावरचं हाय," असं ती सगळ्यांना सांगत हिंडली.

मास्तर घसा फोडून सांगत होते. त्यांनी पोरांना बाहेर उन्हात उभं केलं. "बघा! आहे का पिवळा? आत पिवळा, बाहेर बरा! म्हणजे काय?"

बायनाबाईनं मान डोलावली. "म्हंजी पोरास्नी न्हाईच, मास्तर. खोलीलाच झालीय. आत गेलं की चढती, भाईर आलं की उतरती."

खोलीला कावीळ! गाव ह्या निदानावर खूष झालं. आणि सगळ्यांत खूष झाले मोहनराव. "आता तर शाळा हितनं हलवलीच पायजे," ते पारावर बसून म्हणाले. "लेकरं मारायची हायती का? येऊ द्या साहेबाला. सांगतोच." खोलीला कावीळ असेल तर सरकीचं काय होईल हा विचार तेव्हा त्यांच्या डोक्यात आला नव्हता. मास्तर म्हणतात ते खोटं आणि बाया म्हणतात ते खरं ठरलं, एवढ्यावर ते खूष होते. मनातनं त्यांचा काविळीबिविळीवर विश्वास नव्हता.

"अहो, काढा त्यो कोंबडा," रतनबाई म्हणाल्या. "साहेब यायच्या आत काढा. पुढचं पुढं."

कोंबडा! घरचं माणूससुद्धा! मास्तरांच्या जिवाला फार लागलं. "मोर काढणार नाही," ते म्हणाले. "ज्याला समजतं असा एक मनुष्य येतोय. त्याच्यापुढं गोणपाट लावू?"

मात्र त्यांनी एक शहाणपण केलं. आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी खोलीत बसून त्यांनी ऊन नीट बघून ठेवलं आणि पूर्वेच्या भिंतीपाशी दोन खुर्च्या अशा मांडल्या, की बसणाऱ्याच्या तोंडावर बरोबर लाल पट्टा यावा. साहेब गुलाबी दिसतील, देशमुख गुलाबी दिसतील, समोर मोर. खुर्च्यांच्या पायांभोवती त्यांनी खडूनं खुणासुद्धा केल्या. एवढा विचार परीक्षेच्या पेपरातही त्यांनी केला नव्हता.

साहेब आले सकाळी. मोहतमीम साहेब अंगानं भरदार, पांढरी शेरवानी, तोंडात पान. मोहनरावांनी त्यांना शाळेपर्यंत पोचूच दिलं नाही, वाटेतच जेवायला नेलं. पुरणपोळ्या, तूप, तुपावर पुन्हा तूप, वर आमरस. साहेबाला खूष करून मग खोलीचं बोलायचं हा बेत. इकडं शाळेत माळा घातलेली पोरं हात जोडून बसलेली, तिसरा प्रहर झाला, लाल पट्टा दोन रिकाम्या खुर्च्यांच्या पाठींवर येऊन बसला आणि साहेब देशमुखांच्या ओसरीवर घोरत होते.

मास्तर दर घटकेला दारापर्यंत जात आणि परत येत. ऊन काही साहेबासाठी थांबणारं नव्हतं. सूर्य खाली उतरायला लागला तसा लाल पट्टा भिंतीवर वर सरकायला लागला, आणि त्याच्या खालनं पिवळा मोर एकेक बोट पुढं यायला लागला. मास्तर खुर्च्या हलवायला धावले, तेवढ्यात दारात आवाज आला, "आईये हुजूर, आईये!" आणि साहेब आत आले ते सरळ खुर्चीत बसले. पोट हातानं धरून, समोरच्या उन्हानं डोळे अर्धे मिटून. मोहनराव दुसऱ्या खुर्चीत. मागनं बायनाबाई, केशरबाई, साखराबाई आणि दारात मावेल तेवढं गाव.

मोहनरावांनी वेळ घालवला नाही. "हुजूर, ही खोली आमची. अन् हिला कावीळ झालीया. ही लेकरं बघा, समद्यांच्या गळ्यात माळा. शाळा हितनं हलवली पायजे. खोली आमाला द्यावी, आमी तिचं काय ते बघू..."

बोलता बोलता ते साहेबांकडं झुकले, आणि मोराची मान त्यांच्या तोंडावर आली.

केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! मालकाला बी!"

"काय मला बी?" मोहनराव म्हणाले. त्यांनी आपले हात बघितले. हात पिवळे. धोतर बघितलं. धोतर पिवळं. आणि मगाशीपर्यंत मनातनं ज्याच्यावर विश्वास नव्हता तो रोग आता स्वतःच्या हातावर दिसल्यावर मोहनरावांचा आवाज एकदम बारीक झाला. "बायनाबाई, जरा बघतीस का गं?"

बायनाबाईनं त्यांच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. "पिवळं धमक," ती म्हणाली आणि माळ घातली. मग तिची नजर शेजारच्या खुर्चीवर गेली. मोराचं पोट तोवर साहेबांच्या छातीवरनं चढत हनुवटीपाशी पोचलं होतं. "साहेबाला बी हाय."

"क्या?" साहेब पूर्ण जागे झाले.

"प्वाट जड वाटतंय का, सायेब?"

साहेबांनी पोटावर हात ठेवला. आत पुरणपोळ्या होत्या, वर आमरस होता. "हां... भारी तो है."

"तोंडाला चव हाय का?"

"कुछ नहीं."

"झोप लई येती?"

"बहोत!" साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी आपली शेरवानी बघितली. सकाळची पांढरी शेरवानी आता पिवळी. "या अल्ला," ते पुटपुटले आणि बायनाबाईपुढं त्यांनी स्वतःच मान वाकवली.

मग माळ घातलेले साहेब सावकाश मास्तरांकडं वळले. "मास्टर, हे लोक अनपढ. तुम पढे-लिखे आदमी. सच बोलो. ये कावील है, या कुछ और?"

इतके दिवस त्यांनी गावभर घसा फोडला होता आणि कुणी ऐकलं नव्हतं. आता साऱ्या जगातनं पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं, तेही हैदराबादचा माणूस, ज्यानं खऱ्या काचा बघितल्या होत्या. नुसतं बोट वर करायचं. 'हुजूर, खिडकीत बघा, मोर.' साहेब बघतील, हसतील, 'वाहवा मास्टर' म्हणतील. दरवानाचा तो 'बे' धुऊन निघेल. बायनाबाई कोंबडा म्हणायची बंद होईल.

आणि कावीळही जाईल. खोली चांगली ठणठणीत होईल. मग देशमुख आपलं बोलणं पुढं चालू करतील आणि उद्या इथं सरकी येईल.

मास्तरांनी पोरांकडं बघितलं. सगळी पोरं त्यांच्याकडंच बघत होती. उजेड कुठनं येतो हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि शहादेवनं तर श्वासच धरून ठेवला होता.

"कावीळच हाय, हुजूर," मास्तर म्हणाले. "खोलीचीच हाय. लई जुनी. भिंतीत मुरलीया."

बायनाबाईनं गावाकडं वळून बघितलं, आणि सगळं गाव मान डोलवायला लागलं. मास्तरांना उशिरा का होईना अक्कल आली, असं सगळ्यांना वाटलं.

साहेब ताडकन उठले. प्लेगाच्या साली त्यांनी कायदा वाचला होता आणि तेवढाच कायदा त्यांच्या लक्षात होता. "बीमारी जहाँ है, वहीं रहे! स्कूल कहीं नहीं जाएगा. हिथंच राहील. पोरं पारावर गेली तर सगळ्या गावाला होईल. और देशमुख, इस कमरे में एक दाना नहीं रखना!"

"आता कोण ठेवतंय, हुजूर!" मोहनराव माळ घट्ट धरून दाराकडं सरकत म्हणाले. "हितली सरकी खाऊन म्हशीला कावीळ झाली म्हंजी? खोली नगं मला. शाळेलाच ठेवा. आमच्या पोराच्या पोराला सुदीक नगं."

साहेब दमणीत बसून गेले ते वाटेत उसाच्या गुऱ्हाळावर उतरले, असं नंतर कळलं. मोहनराव कितीतरी दिवस काकवी पीत होते आणि तब्येत सुधारतेय असं सांगत होते. बायनाबाईनं जाता जाता मास्तरांच्याही गळ्यात माळ घातली, कारण सगळ्यांत जास्त वेळ त्या खोलीत तेच बसायचे. त्यांनी ती काढली नाही. काढली असती तर गावाला संशय आला असता.

रात्री रतनबाईंनी त्यांना बिनमिठाची खिचडी वाढली. "खावा गुमान," त्या म्हणाल्या, आणि मग पदराआड हसून, "मोर झ्याक होता हो," असंही म्हणाल्या. मास्तरांनी आणखी वाढून घेतली.

शाळा त्याच खोलीत राहिली. दर साली साहेब यायचे ते दारातनंच, नाकाला रुमाल लावून, पोरांना दोन प्रश्न विचारून परत जायचे. त्यामुळं शाळेचा निकालही चांगला लागायला लागला. मास्तरांच्या नावाला पंचक्रोशीत 'काविळीचे मास्तर' असं शेपूट लागलं. ते त्यांना कधी आवडलं नाही. पोरं मात्र जोडाक्षरांच्या पुढं गेली, आणि शहादेव पुढं पत्रं वाचून दाखवायला लागला.

उन्हानं कागद विटायचा तेव्हा दर साली नवा लावावा लागे. एका साली मोहरम संपल्यावर इमामभाईनं मास्तरांना मुद्दाम बोलावून घेतलं. "मास्तर, यंदा निळा बी भरपूर उरलाय, हिरवा बी. आता मोराचा मोर करा. कोंबडा कोंबडा म्हंत्यात लोकं, मलाच वाईट वाटतं."

मास्तरांनी निळा कागद उचलला आणि उन्हात धरला. त्यांचं तोंड, दाढी, पागोटं निळं झालं. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि इमामभाईच्या हातात परत दिली.

"नको, इमामभाई," ते म्हणाले. "पिवळाच द्या."